हट्टाने घडवलेली गाडी : लान्चा फुल्विया कूपे

लान्चा फुल्विया कूपेचं बॉनेट पहिल्यांदा उघडणारा माणूस थोडा गोंधळतो. इंजिन सरळ उभं नसतं, ४५ अंशांत एका कुशीवर कललेलं असतं. सिलिंडर मोजायला जावं तर एका ओळीत चार सापडत नाहीत आणि दोन-दोनच्या दोन वेगळ्या रांगाही दिसत नाहीत. वर हेड एकच. त्या हेडखाली व्ही आकाराचं इंजिन आहे असं कुणी सांगितलं तरी पटायला वेळ लागतो, कारण या व्हीचा कोन जेमतेम १३ अंशांचा आहे. तिकिटाच्या रांगेत मागचा माणूस पुढच्या दोघांच्या खांद्यांमधून डोकावतो, तसे हे चार सिलिंडर एकमेकांच्या मधल्या जागेत सरकवून बसवले आहेत.

जुन्या इटालियन गाड्यांबद्दल लोक सहसा दोनच गोष्टी सांगतात. दिसायला देखण्या, आणि वाटेत बंद पडणाऱ्या. दोन्ही खऱ्या आहेत. पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं धरून चाललं की या गाड्यांचा रस हातातून निसटतो. फुल्विया कूपे सावकाश पाहावी, तिचा एकेक भाग असाच का केला हे विचारत जावं, म्हणजे कळतं की तिचं सुख आणि तिचा त्रास एकाच निर्णयातून निघाले आहेत. त्रास काढून टाकायचा तर सुखही काढून टाकावं लागेल. मला ही गाडी आवडते ती या कारणासाठी, आणि तिच्याबद्दल लिहायचं तेही एवढ्याचसाठी.

इंजिनापासूनच सुरुवात करू. अरुंद कोनाच्या व्हीचा नाद लान्चाला फार जुना. व्हिन्चेंझो लान्चाने १९०६ मध्ये तुरिनला कंपनी काढली आणि १९२२ मध्ये ‘लांब्दा’ आणली. वेगळी चासी नसलेली, पत्र्याच्या सांगाड्यावरच उभी असलेली ती गाडी, आणि तिच्यात असंच अरुंद कोनाचं चार सिलिंडरचं इंजिन. पुढे कंपनीचे मालक बदलले, इंजिनियर बदलले, पण हा आकार परत परत येत राहिला. फुल्वियासाठी तो एत्तोरे झाक्कोने मीना यांनी नव्याने मांडला. कोन इतका कमी की दोन्ही रांगांवर मिळून एकच हेड पुरतं. त्या हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट. एक चारही सिलिंडरांचे इनलेट व्हॉल्व्ह हलवतो, दुसरा चारही एक्झॉस्ट. एरवी व्ही इंजिनाला दोन हेड लागतात आणि असे कॅमशाफ्ट चार लागले असते. इथे दोनांत भागलं. इंजिनाची लांबीही सरळ चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा बरीच कमी झाली.

ही कमी लांबी फुल्वियाला हवीच होती. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आणि इंजिन पुढच्या चाकांच्या अक्षाच्याही पुढे ठेवलेलं. तिथे लांब इंजिन ठेवलं असतं तर गाडीचं नाक पुढे लोंबलं असतं. उभं ठेवलं असतं तर बॉनेट उंच झालं असतं. म्हणून आखूड इंजिन, आणि तेही कुशीवर निजवलेलं. कूपेची उतरती, बुटकी पुढची रेषा आपण बाहेरून पाहतो ती चित्रकाराच्या कागदावर सुरू झालेली नाही. ती या १३ अंशांच्या कोनातून निघाली आहे.

याची किंमतही तिथेच आहे. सगळे इनलेट एका बाजूला आणि सगळे एक्झॉस्ट दुसऱ्या बाजूला असल्यामुळे दोन रांगांपर्यंतचे आतले मार्ग कमी-जास्त लांबीचे होतात. दोन जुळे कार्बोरेटर अचूक जुळलेले नसतील तर चार सिलिंडरांना चार तऱ्हेचं खाणं मिळतं, आणि इंजिन कमी वेगात अडखळतं. टायमिंग चेन लांब आहे, तिचा ताण पाहावा लागतो. हेड खोलायचं काम कुठल्याही गॅरेजमध्ये टाकता येत नाही. सरळ इंजिनावर हात बसलेला चांगला मिस्त्रीसुद्धा इथे वाट चुकतो, कारण त्याच्या हाताच्या सवयी इथे उपयोगी पडत नाहीत. नवी असताना ही गाडी बेभरवशाची नव्हती. तुरिनमध्ये लान्चाच्याच कारखान्यात शिकलेले लोक तिची देखभाल करत होते, तोवर ती नीट चालली. ते लोक निवृत्त झाले, गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकांकडे गेल्या, तेव्हा तिची बदनामी सुरू झाली. इटालियन गाड्यांच्या अपयशाच्या बऱ्याच कहाण्या अशा आहेत, आणि त्या सांगताना गाडीला दिलेला वेळ कुणी हिशेबात धरत नाही.

(जाता जाता एक सांगायला हवं. हीच कल्पना, म्हणजे अरुंद कोन, दोन रांगा आणि एकच हेड, १९९१ मध्ये फोक्सवॅगनने सहा सिलिंडरच्या इंजिनात वापरली. तिथे कोन १५ अंशांचा होता. म्हणजे लान्चाचा हट्ट वेडेपणाचा नव्हता. तो फार आधी आणि फार महागात केला गेला, इतकंच.)

आता बाहेरून पाहू. फुल्विया आधी, १९६३ मध्ये, चार दारांची बर्लीना म्हणून आली. चौकोनी, शहाणी, घरातल्या मोठ्या माणसासारखी सरळ बसणारी. कूपे १९६५ मध्ये आली, आणि दोघींचं नातं पटकन लक्षात येत नाही. रेखाटन पिएरो कास्तान्येरो यांचं. ते लान्चाच्याच पगारावर होते. इटलीत त्या काळी देखणी गाडी हवी असली की पिनिनफारिना किंवा बेर्तोने यांच्या दारात जायची रीत होती. इथे ते काम घरातच झालं, आणि घरातल्या माणसाला खालची यंत्रं ठाऊक होती हे रेषांमध्ये दिसतं. चाकांमधलं अंतर बर्लीनाच्या २४८० मिलिमीटरवरून २३३० वर आणलं. बहुतेक कूपे गाड्या छप्पर खाली दाबून वेगाचा आव आणतात. कास्तान्येरोंनी उलट केलं. काचा उंच ठेवल्या, छताला धरणारे खांब बोटभर बारीक केले, आणि पत्र्याची कड कमरेच्या खाली आणून सगळ्या गाडीभोवती एका सलग रेषेत फिरवली. ती रेषा पुढच्या दिव्यांपासून निघते, दारांच्या मुठींवरून जाते आणि मागे डिकीच्या कडेला वळसा घालते. मागचा भाग तळाशी आत घेतलेला आहे. रीव्हा या इटालियन मोटरबोटींवरून ही कल्पना सुचली असं सांगतात, आणि गाडी मागून पाहिली तर ते खरं वाटतं. आत बसलं की समोर लाकडी फळीचा डॅशबोर्ड, हाही बोटीतलाच. चारी बाजूंना काच. गाडी लहान आहे हे आत बसल्यावर विसरायला होतं, कारण नजर कुठेच अडत नाही.

बारीक खांबांचा आणि पातळ काठांचा हा पत्रा पाणी धरून ठेवतो. चाकांच्या कमानी, दारांचा तळ, काचेच्या चौकटीचे कोपरे, इथून गंज सुरू होतो. पण या गाडीचं खरं मर्मस्थान वेगळंच आहे आणि ते उभ्याने दिसत नाही. लान्चाने इंजिन, गिअरबॉक्स, पुढचं सगळं सस्पेन्शन हे एका वेगळ्या जाड सबफ्रेमवर बसवलं आणि ती सबफ्रेम रबराच्या गाद्या मधे घालून मुख्य सांगाड्याला बोल्टने जोडली. हेतू उदात्त होता. इंजिनाची थरथर आणि रस्त्याचे धक्के बसणाऱ्यापर्यंत पोचू नयेत, आणि पुढची चाकं एका ताठ चौकटीत अचूक कोनात राहावीत. आजही फुल्वियाचं स्टेअरिंग हातात धरलं की ही अचूकता कळते. आणि नेमक्या त्या सबफ्रेमच्या जोडाच्या जागी चिखल, मीठ आणि पाणी साठतं. आल्प्सच्या पायथ्याशी हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ही जागा आतून कुजली की गाडीचा रंग कितीही चमकत असला तरी तिला काही अर्थ राहत नाही.

नावाबद्दल दोन ओळी. लान्चाने गाड्यांना प्राचीन रोमन रस्त्यांची नावं दिली: औरेलिया, आप्पिया, फ्लामिनिया, फ्लाविया. इसवी सनपूर्व १२५ मध्ये कॉन्सल मार्कुस फुल्वियुस फ्लाक्कुस याने पिएमाँतमध्ये तोर्तोनाहून अस्तीकडे आणि पुढे तुरिनच्या दिशेने रस्ता बांधला, तो फुल्विया. म्हणजे ही गाडी आपल्या अंगणातल्या रस्त्याचं नाव घेऊन फिरते. औरेलियाला दीनो रीझींच्या १९६२ च्या ‘इल सोर्पास्सो’ या चित्रपटामुळे जगभर ओळख मिळाली; फुल्वियाला तसा चित्रपट मिळाला नाही. तिला बर्फ मिळाला. त्याकडे येतोच.

पण त्याआधी आंतोनियो फेस्सिया. फुल्वियाच्या मागे उभा असलेला मुख्य माणूस हा, आणि त्याच्याशिवाय या गाडीचा स्वभाव उलगडत नाही. फेस्सिया आधी फियाटमध्ये होते. १९३६ ची छोटी फियाट ५००, लोकांनी जिला ‘तोपोलीनो’ म्हटलं, तिचं काम त्यांनीच तरुण दांते जाकोझाकडे सोपवलं होतं. पुढे दोघांच्या वाटा फुटल्या. फेस्सियांच्या डोक्यात पुढच्या चाकांवर चालणारी गाडी बसली होती. फियाट सोडल्यावर त्यांनी १९४७ च्या सुमारास चेम्सा-काप्रोनीसाठी तशी गाडी घडवली, पण ती बाजारात नीट आलीच नाही. लान्चात आल्यावर १९६० मध्ये फ्लाविया आली आणि त्यांचा जुना हट्ट पुरा झाला. इटलीत कारखान्यातून मोठ्या संख्येने निघालेली पुढच्या चाकांवर चालणारी ती पहिली गाडी. फुल्विया तिची धाकटी बहीण. चारही चाकांना डिस्क ब्रेक. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, पण आडव्या पाट्यावर टांगलेलं. मागे साधा एक्सेल, पाटे आणि त्याला आडवं सरकू न देणारी एक दांडी. १९६३ सालच्या लहान गाडीत चार डिस्क ब्रेक हा सरळसरळ तोट्याचा व्यवहार होता. लान्चाने तो केला.

जाकोझा मात्र फियाटमध्येच राहिले. एकाच शहरातल्या या दोन शाळा. जाकोझांची विद्या अशी, की गाडीतून अजून काय काढता येईल हे विचारत राहायचं. १९५७ च्या ‘नुओवा ५००’ मध्ये त्यांनी चार सिलिंडरांचे दोन केले, रेडिएटर काढून हवेवर थंड होणारं इंजिन मागे ठेवलं, ४७९ सीसी आणि १३ अश्वशक्तीवर सगळा देश चालवला. लान्चाच्या शाळेत प्रश्न वेगळा होता. योग्य काय आहे, हे आधी ठरायचं. खर्चाचा विचार नंतर. मला दोन्ही शाळांबद्दल आदर आहे, पण मन लान्चाकडे जातं, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. जाकोझांची गाडी पाहिली की हुशारी दिसते. फेस्सियांची पाहिली की त्या माणसाला काय हवं होतं ते दिसतं.

जाकोझांच्या शाळेची एक गाडी आपल्या इतकी ओळखीची आहे की ती इटालियन आहे हे आपण विसरून गेलो. १९५३ मध्ये इटलीत आलेली फियाट ११००, इंजिन १०८९ सीसी. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बांधायला घेतली. सुरुवातीच्या गोल नाकाच्या गाडीला मुंबई-पुण्याने ‘डुक्कर फियाट’ म्हटलं आणि ते प्रेमानेच म्हटलं. पुढे १९७४ मध्ये हीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. इटलीत ११०० चं उत्पादन साठच्या दशकाअखेर थांबलं. कुर्ल्यात तिचा वंश विसावं शतक संपेपर्यंत चालला, आणि पद्मिनीच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने मुंबईचा रस्ता ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सोडला. स्टेअरिंगच्या दांड्यावरचा गिअर अडकला की बॉनेट उघडून लोखंडी दांड्या हाताने मोकळ्या करायच्या, हे ज्ञान एका पिढीतल्या कितीतरी माणसांकडे होतं. ही गाडी टिकली कारण तिचा प्रत्येक भाग नाक्यावरच्या मिस्त्रीला उमजत होता. फुल्विया मुंबईत आली असती तर दोन पावसाळे काढू शकली नसती. हे म्हणण्यात फुल्वियाचा कमीपणा नाही. ती वेगळ्या हातांसाठी केलेली होती.

आता ती चालवताना काय होतं ते. थंड इंजिनावर चोक ओढून सुरू करावी आणि लगेच निघण्याची घाई करू नये. आवाज चार सिलिंडरच्या इतर गाड्यांसारखा गोल नाही. थोडा खरखरीत, कोरडा. तेल गरम होऊ लागलं की त्यातली खरखर एकत्र येते आणि साडेतीन हजारांच्या पुढे तिचा एक ताणलेला, स्वच्छ सूर होतो. हा सूर मला अल्फा रोमिओच्या त्या काळच्या इंजिनांपेक्षाही आवडतो, आणि असं म्हणणारे इटलीत फार नाहीत हे मला ठाऊक आहे. अल्फाचा सूर श्रोत्याला जिंकायला निघालेला असतो. फुल्वियाचा सूर कामात असलेल्या माणसाचा आहे.

गिअरची दांडी लांब आणि वाकलेली, तिचा खेळ मोठा, पण प्रत्येक गिअर पडल्याचं स्पष्ट कळतं. उभ्या गाडीचं स्टेअरिंग जड असतं, कारण वजनाचा मोठा भाग नाकावर आहे. गाडी हलली की ते हलकं होतं आणि बारीक काठाच्या त्या चाकातून रस्त्याचा खडबडीतपणा बोटांपर्यंत येतो. वळणात वेगाने शिरलं तर नाक बाहेर जाऊ पाहतं. तिथे नवखा माणूस घाबरून ब्रेक दाबतो. फुल्वियाला तसं करायचं नसतं. पाय किंचित उचलायचा, नाक आपोआप आत येतं, मग पुन्हा रेस द्यायची आणि पुढच्या चाकांनी गाडीला वळणातून ओढून काढायचं. घाटाच्या लागोपाठच्या वळणांत ही लय एकदा साधली की वेग फारसा नसतानाही माणूस पूर्ण गुंतलेला असतो. ९०० ते ९५० किलोच्या गाडीत १२९८ सीसीचं इंजिन, ताकद नव्वद अश्वशक्तीच्या आसपास. आजच्या कुठल्याही घरगुती गाडीपुढे हे आकडे किरकोळ आहेत. सुख आकड्यांत नाही. चालवणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीला गाडी जे तंतोतंत उत्तर देते, त्यात आहे.

ब्रेकही सुंदर, पण पहिल्या मालिकेतल्या डनलॉप कॅलिपरांना उभं राहणं सोसत नाही. गाडी महिनोन्महिने गॅरेजमध्ये राहिली की आतले पिस्टन जाम होतात. १९७० च्या दुसऱ्या मालिकेत गर्लिंगचे ब्रेक आले आणि ही कटकट कमी झाली. त्याच वेळी पाच गिअरही आले. म्हणून मला कुणी विचारलं तर मी सांगतो की वाचायला पहिली मालिका, चालवायला दुसरी. पहिल्या मालिकेत लान्चाच्या इंजिनियरांनी घेतलेला एकही निर्णय कुणी स्वस्त केलेला नाही. दुसरीत हिशेबनिसाचा हात दिसतो, कारण मधल्या काळात १९६९ साल येऊन गेलं होतं. त्या वर्षी कर्जात बुडालेली लान्चा फियाटने नाममात्र किमतीत घेतली. फेस्सिया त्याआधीच, १९६८ मध्ये वारले होते. चार डिस्क ब्रेक, सबफ्रेम, अरुंद व्ही, या सगळ्याचं बिल कंपनीने भरलं आणि त्यात तिचं स्वातंत्र्य संपलं. ज्यांना फुल्विया आवडते त्यांनी हे विसरू नये. आपण ज्या गोष्टीवर प्रेम करतो तिने आपल्याच कंपनीला बुडवलं होतं.

आणि तरी फुल्वियाची सर्वांत मोठी कमाई त्यानंतरची आहे. चेझारे फ्योरियो यांनी उभ्या केलेल्या लान्चाच्या एचएफ या रॅली संघाने तिला रॅलीत उतरवलं होतं. हॅरी केल्स्ट्रॉमने १९६९ आणि १९७० अशी सलग दोन वर्षं ब्रिटनची आरएसी रॅली तिच्यावर जिंकली. १९७२ च्या जानेवारीत मॉन्टे कार्लो रॅलीत सान्द्रो मुनारी आणि मारिओ मान्नुच्ची यांच्या फुल्विया १.६ एचएफने बर्फावर पोर्शे ९११ आणि आल्पीन-रेनो यांना मागे टाकलं. त्या गाड्यांची इंजिनं मागे होती आणि त्या ताकदीने सरस होत्या. बर्फात मात्र पुढच्या चाकांवर वजन असलेली, जिथे नाक वळवाल तिथे जाणारी गाडी कामाला आली. फेस्सियांनी कागदावर मांडलेला युक्तिवाद डोंगरातल्या एका रात्री सिद्ध झाला, आणि तो पाहायला ते नव्हते. त्याच वर्षी लान्चाने निर्मात्यांचं आंतरराष्ट्रीय रॅली अजिंक्यपदही घेतलं. उतरणीला लागलेल्या गाडीची मागणी पुन्हा वाढली, ‘मॉन्टे कार्लो’ नावाची खास आवृत्ती निघाली आणि कूपे १९७६ पर्यंत बनत राहिली. मूळ बर्लीना तिच्या आधीच बंद झाली होती.

याच गाडीची झागातो या कोचबिल्डरने केलेली एक आवृत्तीही आहे, एर्कोले स्पादांनी रेखाटलेली, १९६५ चीच. तिचं बॉनेट बाजूला उघडतं. मागचं दार विजेच्या बटणाने थोडंसं वर उचलता येतं, आत हवा खेळावी म्हणून. कल्पक आहे, पण मला ती फुल्वियाच्या अंगावरचा दुसऱ्याचा कोट वाटते.

सगळे दोष मात्र असे निर्णयांतून येत नाहीत, आणि सगळ्याच बिघाडांना रसिकतेचा मुलामा देणं बरं नाही. अल्फासूद घ्या. दक्षिण इटलीतल्या बेकारीवर उपाय म्हणून सरकारी मालकीच्या अल्फा रोमिओने नेपल्सजवळ पोमिल्यानो द’आर्को इथे नवा कारखाना उभारला. गाडी रुडॉल्फ ह्रुश्कांनी आखली, बाहेरचं रूप जोर्जेत्तो जुजारोंचं. १९७१ मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात ती आली तेव्हा तिच्या तोडीची रस्ता धरणारी लहान गाडी युरोपात नव्हती असं माझं मत आहे. बॉक्सर इंजिन खाली बसलेलं, पुढच्या डिस्क चाकांपाशी न ठेवता गिअरबॉक्सला लागून, आणि हँडब्रेकसुद्धा पुढच्याच चाकांवर. गाडी प्रतिभेची होती. कारखान्यात संप, गैरहजेरी, आणि रंगाविना खोळंबलेले सांगाडे. शिवाय पत्र्याच्या पोकळ भागांत आवाज कमी करायला फोम भरला होता. तो पाणी शोषून धरून ठेवायचा. काही वर्षांत गाड्या आतून चाळण झाल्या. रशियातून अदलाबदलीत आलेल्या निकृष्ट पोलादाची गोष्ट इटलीत सगळे सांगतात. मला ती सोयीची वाटते. गंज रोखण्याची पुरेशी काळजीच घेतली गेली नाही, हे कारण पुरेसं आहे. या गंजाचा अल्फासूदच्या कुठल्याही गुणाशी संबंध नव्हता, आणि म्हणून तिचं दुःख फुल्वियापेक्षा मोठं आहे. तिला टाळता येण्यासारखं मरण आलं.

जुन्या गाडीवर प्रेम करणाऱ्याने हा फरक करायला शिकलं पाहिजे. साठच्या दशकातल्या अल्फा जुलियाचा दुसरा गिअर थंडीत खरकतो. तेल गरम होईपर्यंत मालक पहिल्यावरून हळूच तिसऱ्यावर जातात किंवा दुसरा फार सावकाश टाकतात. ही गाडीशी झालेली समजूत आहे, आणि अशी समजूत प्रत्येक मालकाची आपल्या गाडीशी होते. तिला वेळ द्यावा लागतो, तिचे आवाज ओळखावे लागतात. इटलीत १९६६ पासून जुन्या वाहनांच्या मालकांची आसी ही संस्था आहे. ती गाड्या तपासून मूळ स्वरूपाचे दाखले देते, आणि तिच्याभोवती गावोगावचे क्लब उभे आहेत. तिथे रविवारी सकाळी माणसं एकमेकांना कुठल्या खेड्यात अजून कोणता मिस्त्री कार्बोरेटर जुळवतो हे सांगतात. हे ज्ञान पुस्तकात नाही. ते अशा माणसांकडेच आहे आणि त्यांच्यातले बरेच आता म्हातारे झाले आहेत. तरुण मालकांनी त्यांच्याकडे जाऊन शिकावं असं मला फार मनापासून वाटतं. गाड्या जतन होत आहेत, पण त्या चालत्या ठेवणारे हात जतन झाले नाहीत तर त्या संग्रहालयातल्या वस्तू होतील.

परदेशात राहणाऱ्या कुणा मराठी वाचकाच्या मनात फुल्विया घ्यायचं असेल, तर एवढंच सांगतो. रंग पाहू नका. गाडी उचलून सबफ्रेमच्या जोडाच्या जागा पाहा, टॉर्च आणि टोकदार लोखंडी सळई घेऊन, आणि मालकाने तसं करू दिलं नाही तर परत या. पत्रा शाबूत असेल तर थकलेलं इंजिन दुरुस्त होतं. पत्रा गेला असेल तर उत्तम इंजिनही उपयोगाचं नाही. बरीच वर्षं उभी असलेल्या चकचकीत गाडीपेक्षा नेमाने रस्त्यावर असलेली, थोडी खरचटलेली गाडी घ्या, थोडे पैसे जास्त पडले तरी. आणि घेतल्यावर आठवड्यातून एकदा तरी तिला निदान अर्धा तास चालवा.